चालणारा हरभरा

गोचीड या विषयात माझ्याइतका जाणकार माणूस अख्ख्या भोपाळात दुसरा नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. (आमची मंगल म्हणते, फुशारकीनेच सांगता. पण बायको या घटकेला इथे नाही, त्यामुळे तिचं म्हणणं विचारात घ्यायचं कारण नाही.)

वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि आम्ही इथलेच झालो. माझी सगळी नोकरी गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये झाली. पंपाचे सुटे भाग हातात घ्यायचे, मापायचे आणि नापास करायचे. माझ्या नजरेतून एक वाकडा वॉशर कधी सुटला नाही! रिटायर झालो तेव्हा मॅनेजरसाहेब भाषणात म्हणाले, ‘‘जोशीजी की आँख से कुछ नहीं बचता.’’ हे वाक्य मी घरी आल्यावर मंगलला सांगितलं, जेवताना परत सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्यालाही सांगितलं.

आता अशा माणसाला घरी बसवलं की तो तपासणार काय? घरात दोनच गोष्टी होत्या. मंगलचा स्वयंपाक आणि टिल्लू. स्वयंपाक तपासायला मी एकदाच गेलो. त्यानंतर टिल्लूच उरला.

टिल्लू म्हणजे आमचा कुत्रा. आणला तेव्हा तळहातावर मावायचा म्हणून टिल्लू. आज तो मागच्या पायांवर उभा राहिला की पुढचे दोन्ही पंजे माझ्या खांद्यांवर ठेवतो आणि वर डोळ्यांत बघतो. जात गावठी, रंग बिस्किटाचा, कान एक उभा आणि एक पडका. माझा त्याच्यावर जीव आहे, साफ सांगतो. रिटायर झाल्यावर फोन यायचे थांबले, लोक ‘नमस्ते साहब’ म्हणायचे थांबले, पण मी नुसता गेटपर्यंत जाऊन परत आलो तरी हा पठ्ठ्या असा नाचतो, जसा काही मी परदेशाहून आलोय!

संकट आलं ते मुळे वहिनींच्या साडीवरून.

मुळे वहिनी आमच्या इकडच्या मराठी बायकांमध्ये सगळ्यांत वडीलधाऱ्या. त्यांनी एखाद्या घरच्या पन्ह्याला ‘बरं आहे’ म्हटलं की त्या घरची सून वर्षभर ताठ मानेनं फिरते. तर गेल्या वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्या आमच्याकडे आल्या, कोचावर बसल्या, कैरीच्या डाळीचा पहिला घास तोंडात घातला आणि त्यांच्या मोतिया रंगाच्या चंदेरीवरून एक टपोरी गोचीड सावकाश चालत निघाली. घाई नाही, गडबड नाही. जणू तिलाही हळदीकुंकवाचं बोलावणं होतं! वहिनी किंचाळल्या. ती बातमी संध्याकाळपर्यंत कोलार रोडला पोचली आणि दुसऱ्या दिवशी तिथून इंदूरला गेली.

मंगलने वर्षभर तो अपमान जपून ठेवला. यंदा फाल्गुन संपत आला, शाहपुऱ्याच्या तळ्याकाठचं कमरेएवढं गवत वाळलं, ऊन तापायला लागलं आणि टिल्लू खसाखसा अंग खाजवायला लागला. मंगलने ते पाहिलं आणि हातातली पोळी तव्यावर तशीच सोडून बाहेर आली.

‘‘अहो, ऐकून ठेवा. यंदा हळदीकुंकवाच्या दिवशी माझ्या घरात एक जरी गोचीड दिसली ना, तर दुसऱ्या दिवशी हा टिल्लू मंडीदीपला! शालूताईंकडे.’’

शालूताई म्हणजे माझी थोरली बहीण. मंडीदीपला तिचं भलंमोठं कंपाउंड आहे आणि राखणीला एक कुत्रा हवा असं ती कधीची म्हणतेय. बाई मनाने चांगली, पण शिस्त फार कडक. तिच्या घरात चप्पलसुद्धा सरळ रेषेत उभी राहते. टिल्लूला तिने फाटकाशी साखळीने बांधलं असतं, आणि तो पडका कान आणखी पाडून दिवसभर रस्त्याकडे बघत बसला असता. ते चित्र मला बघवेना.

पण घाबरलो तर तो मी कसला! मी म्हटलं, ‘‘मंगल, नियम मोघम आहे. गोचीड दिसली म्हणजे काय? समजा मुळे वहिनींनीच स्वतःच्या साडीवरून आणली, तर? शिक्षा माझ्या टिल्लूला?’’

‘‘मुळे वहिनी कशाला आणतील गोचीड?’’

‘‘ते तू मला सांगू नकोस. मी क्वालिटीचा माणूस आहे. दोष कुठून आला हे आधी सिद्ध व्हायला हवं. नियम असा पाहिजे : जो कोणी घरात गोचीड आणेल, तो मंडीदीपला जाईल. मग तो कोणीही असो!’’

‘‘कोणीही?’’

‘‘कोणीही!’’

‘‘पक्कं?’’ हे आमची मुलगी ईशा. ती एम. पी. नगरात एका ऑफिसात काम करते आणि घरात कुणी फसण्याच्या बेतात असलं की तिला मोबाइलमधून बरोबर जाग येते.

‘‘पक्कं!’’ मी म्हटलं. माझ्यावर मीच खूश होतो. टिल्लूच्या बचावाची भिंत मी अशी भक्कम बांधली होती की काही विचारू नका.

ईशा म्हणाली, ‘‘बाबा, सीधी बात आहे यार. डॉक्टरकडे चला. मानेवर टाकायचे थेंब मिळतात, गोळी मिळते, नाही तर गळ्यात घालायचा औषधी पट्टा मिळतो. महिनाभर टेन्शन नाही. आणि तुम्ही त्याला गवतातून फिरवून आणता ना, तर आल्यावर स्वतःला पण चेक करा. कान, मान, मोजे. किलनी माणसालाही चावते.’’

(भोपाळात सगळे गोचिडीला किलनी म्हणतात. ईशा तर स्वप्नातही हिंदीत बोलते.)

‘‘मला?’’ मी हसलो. ‘‘मला चावायची हिंमत आहे तिची? आणि औषधं-बिषधं काही नको. माझी पद्धत आहे.’’

माझी पद्धत म्हणजे कारखान्याची पद्धत. माल आत येताना तपासणी, आत असताना तपासणी आणि शेवटची तपासणी. गेटपाशी इस्त्रीचं जुनं टेबल मांडलं. फिरून आलो की टिल्लूला त्यावर उभा करायचा, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात भिंग आणि मग कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी. सापडली की चिमट्याने धरायची आणि फिनेलच्या बाटलीत. जाणारे-येणारे थांबून बघायचे. चौकीदार तर रोज विचारायचा, ‘‘साब, कुछ चोरी हो गया क्या?’’

शिवाय कडुनिंब! मोठ्या पातेल्यात पाला उकळून त्या पाण्याने मी टिल्लूला आंघोळ घालायचो. पहिल्याच दिवशी त्याने अंग झटकलं ते नेमकं नव्या रंगाच्या भिंतीपाशी. भिंत हिरवी, मी हिरवा, दोरीवरचा मंगलचा पांढरा टॉवेल हिरवा. आणि पातेलं कुठलं होतं म्हणता? मंगलचं दूध तापवायचं! दोन दिवस चहा असा कडू लागत होता की मधुमेहवाल्या शेजाऱ्यांनी मुद्दाम येऊन पिऊन जावा. गोचिडींवर मात्र त्याचा काडीचा परिणाम नव्हता. उलट वाढल्या!

आणि मग एका आठवड्यात अचानक सगळ्या गायब. टिल्लू स्वच्छ! मी घरभर सांगत सुटलो, ‘‘बघितलंत? कडुनिंब!’’ (खरं म्हणजे ईशाने माझ्या दुपारच्या झोपेत टिल्लूला स्कूटीवर पुढे उभा करून डॉक्टरकडे नेलं होतं, मानेवर थेंब टाकून आणले होते, त्याचं अंथरूण फेकलं होतं आणि भिंतीच्या फटींमध्ये औषध मारून घेतलं होतं. हे मला मागाहून कळलं. त्यावेळी ती आणि मंगल माझ्याकडे बघून नुसत्या माना डोलवत होत्या. मला वाटलं, कौतुक!)

इथवर सगळं सुरळीत होतं. पण कारखान्याची आणखी एक सवय माझ्या अंगात मुरलेली आहे. माल पास झाला तरी प्रत्येक लॉटमधला एक नग आम्ही कपाटात जपून ठेवायचो. उद्या कुणाची तक्रार आली तर दाखवायला पुरावा हवा ना! तर प्रत्येक वेळी बाकीच्या गोचिडी फिनेलमध्ये गेल्या तरी त्यातली एखादी टपोरी मी जिवंत ठेवली होती. एका छोट्या स्टीलच्या डबीत. झाकणाला बारीक खिळ्याने भोकंही पाडली होती, म्हणजे मालाला हवा लागावी. ती डबी माझ्या हत्यारांच्या फळीवर, स्क्रू-ड्रायव्हरच्या मागे. डबी मंगलच्या स्वयंपाकघरातली होती, पण तिच्याकडे तशा दोन होत्या आणि एक कमी झाल्याचं तिला कळणार नाही, असा माझा अंदाज होता. संसाराला इतकी वर्षं झाली तरी मी असले अंदाज करतो!

हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. मी सकाळीच टिल्लूला तळ्याकाठच्या गवतातून मुद्दाम रपेट घडवून आणली. कडुनिंबाची फील्ड ट्रायल! चांगला गवतात बसलो, पाठ टेकली, टिल्लू भोवती लोळला. घरी येऊन त्याला टेबलावर चढवून तपासला. एकही गोचीड नाही! शंभर टक्के पास! मी मंगलला म्हटलं, ‘‘बिनधास्त बोलाव मुळे वहिनींना.’’

दुपारनंतर बायका यायला लागल्या. झोपाळ्यात गौर बसली होती. तिच्यापुढे पायऱ्या-पायऱ्यांची आरास, मोगरा, कैऱ्या, करंज्या, आणि खाली मोठ्या परातीत ओटीसाठी भिजवलेले हरभरे. टिल्लू आतल्या खोलीत चंदनाच्या साबणाने न्हाऊन झोपला होता. पुरुषाने अशा वेळी घराबाहेर असायचं, म्हणून मी मागच्या अंगणात फळी आवरायला गेलो. बघतो तर काय, डबी नाही!

स्क्रू-ड्रायव्हर होता. पाना होता. डबी नव्हती! मी स्वयंपाकघराकडे धावलो. तिथे ईशा पन्हं ओतत होती.

‘‘ईशा, माझी एक डबी होती गं मागे...’’

‘‘ती स्टीलची, भोकांची? आईने सकाळी घासायला काढली, तर वरून चकाचकच होती. मी आराशीत ठेवली बाबा, गौरीजवळ. वरच्या पायरीवर, दोन्ही बाजूंना एक-एक. मस्त दिसतायत!’’

‘‘उघडलीस?’’

‘‘नाही. खडखडत होती, म्हटलं तुमचे वॉशर असतील. का?’’

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? गप्प बसला असता. झाकण घट्ट होतं. डबी गौरीच्या शेजारी दिमाखात बसून राहिली असती, बायका कुंकू लावून, डाळ खाऊन घरी गेल्या असत्या आणि टिल्लू माझ्या पायाशी घोरत पडला असता. पण मी वाट बघणाऱ्यांतला नाही. दोष दिसला की लाइन थांबवायची, ही माझी शिकवण! मी पन्ह्याचा ट्रे ईशाच्या हातातून ओढला आणि थेट दिवाणखान्यात घुसलो.

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मुळे वहिनी, तीच मोतिया चंदेरी नेसून, म्हणाल्या, ‘‘हे काय भाऊजी, यंदा तुम्हीसुद्धा कुंकू लावून घेणार?’’

‘‘नाही, नाही. म्हटलं, पन्हं मीच द्यावं. मंगल दमलीय.’’

मंगलने माझ्याकडे असं पाहिलं की पन्हं जागच्या जागी तापलं असेल. मी ट्रे एकीच्या मांडीवर टेकवला (त्या बाईंचं नाव मला आजही माहीत नाही), गौरीपुढे वाकलो, नमस्कार केल्यासारखा हात वर नेला आणि डबी पकडली.

‘‘अहो, आराशीतलं काय उचलताय!’’ मंगल ओरडली. मी दचकलो. डबी निसटली. परातीच्या काठावर आपटली. झाकण एकीकडे, डबी दुसरीकडे आणि आतला माल हरभऱ्यांत!

मी झडप घातली. पण भिजलेला, टरारलेला हरभरा आणि रक्त पिऊन टरारलेली गोचीड यांत चष्म्याशिवाय फरक करून दाखवा! चष्मा मी हत्यारांच्या फळीवर विसरलो होतो. मी आपला मूठमूठ हरभरे उचलून खिशात कोंबत सुटलो.

‘‘भाऊजींना भूक लागलेली दिसते,’’ मुळे वहिनी म्हणाल्या आणि वाकून परातीत बघायला लागल्या. मग त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. ‘‘अगं मंगल...’’

‘‘काय हो वहिनी?’’

‘‘अगं, हा हरभरा चालतोय!’’

त्यानंतरचं वर्णन करायला माझ्याजवळ शब्द नाहीत. बायका कोचावर चढल्या. एक पेला सांडला, मग सगळेच सांडले. बांगड्यांचा, किंकाळ्यांचा, ‘अगं बाई, अगं बाई’चा असा गदारोळ झाला की आतल्या खोलीत टिल्लू उठून भुंकायला लागला. आणि तिथेच सगळं फिरलं. कारण भुंकणं ऐकताच सगळ्यांची तोंडं एकदम त्या दाराकडे वळली.

‘‘गेल्या वर्षी साडीवर, यंदा ओटीत!’’ मुळे वहिनी म्हणाल्या.

मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बिचारी पहाटेपासून राबत होती. ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘झालं. उद्या सकाळी तो मंडीदीपला.’’

दाराखालच्या फटीतून टिल्लूचं नाक दिसत होतं, आणि त्याची शेपूट आत जमिनीवर आपटताना ऐकू येत होती. त्याला वाटत होतं, बाहेर पार्टी चाललीय आणि आता कोणी तरी बोलावील. मी त्या नाकाकडे बघितलं आणि मला राहवलं नाही.

‘‘थांबा!’’ मी ओरडलो. ‘‘ही गोचीड टिल्लूची नाही!’’

‘‘मग कुणाची?’’

‘‘माझी!’’

कोचावरून उतरलेल्या बायका पुन्हा कोचावर चढल्या.

‘‘म्हणजे माझ्या अंगावरची नव्हे! मी पाळलेली... म्हणजे जपलेली... सॅम्पल आहे ते!’’ आणि मग भर हळदीकुंकवात, खिशात हरभरे भरलेले, मी सर्वांना लॉट म्हणजे काय, नमुना का राखून ठेवायचा आणि झाकणाला भोकं का लागतात हे व्यवस्थित समजावून सांगितलं. माझा आवाज ठाम होता. ऐकणाऱ्यांचे चेहरे मात्र काही ठीक नव्हते.

ईशाने दार उघडलं. टिल्लू शेपूट हलवत आला. तिने त्याचे कान उलटून दाखवले, बोटं फाकवून दाखवली, मानेवरच्या थेंबांची आणि डॉक्टरांची सगळी हकीकत तिथेच सांगून टाकली. (माझा कडुनिंब असा चारचौघांत वारला!) मुळे वहिनींनी स्वतः टिल्लूच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘‘छान आहे हो कुत्रा. सुगंध येतोय.’’

मी सुटकेचा निःश्वास टाकला. तोच वहिनींची नजर माझ्यावर आली. ‘‘भाऊजी, जरा मान वळवा. तुमच्या कानामागे ते काय आहे?’’

‘‘तीळ असेल.’’

‘‘तिळाला पाय असतात का हो?’’

मला ट्यूबलाइटखाली स्टुलावर बसवण्यात आलं. एकीने मोबाइलची बॅटरी धरली, एकीने माझी कॉलर खाली ओढली, कुणी म्हणालं, ‘‘दुसरा कान पण बघा गं,’’ कुणी म्हणालं, ‘‘पायाच्या बोटांत!’’ टिल्लू समोर बसून एक कान उभा करून सगळं बघत होता. इतके दिवस टेबलावर तो उभा असायचा. ईशाने भुवया कोरायचा चिमटा आणला, गोचीड कातडीजवळ धरली आणि सरळ ओढून काढली. मी फक्त एकदाच ओरडलो. चौकीदार मात्र धावत आला.

‘‘टिल्लूवर औषध होतं,’’ ईशा त्या जागेवर डेटॉल लावत म्हणाली. ‘‘गवतात तुम्ही पण लोळलात. तुमच्यावर काय होतं, बाबा?’’

मी ओढलेली कॉलर सरळ करत बसलो. मंगलने डोळे पुसले होते. आता तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काही तरी हलत होतं. ‘‘ईशा,’’ ती म्हणाली, ‘‘नियम काय होता गं?’’

‘‘जो कोणी घरात गोचीड आणेल, तो मंडीदीपला जाईल. मग तो कोणीही असो,’’ ईशाने माझ्याच आवाजात म्हणून दाखवलं.

पहिल्यांदा मुळे वहिनी हसल्या. मग मंगल. मग त्या बाईसुद्धा, ज्यांच्या मांडीवर ट्रे होता. हरभरे सगळे जमिनीत पुरले, ओटीत डाळिंबं घातली आणि निघताना वहिनी दारात म्हणाल्या, ‘‘मंगल, पन्हं फर्स्टक्लास होतं हो. आणि पुढच्या वर्षी भाऊजींना घरीच असू दे, इतकी मजा कुठल्या हळदीकुंकवाला येत नाही.’’ मंगलची मान त्या क्षणी जी ताठ झाली, ती अजून खाली आलेली नाही.

तर सध्या मी मंडीदीपला आहे. मंगल रोज फोन करते. टिल्लू मजेत आहे, माझ्या उशीवर झोपतो. आल्या दिवशी शालूताईने मला फाटकाबाहेरच उभं केलं, ‘‘पक्या, हलू नकोस, कान दाखव,’’ म्हणाली आणि बॅटरीने पूर्ण तपासणी केली. पद्धत चांगली आहे तिची, मी दोन सुधारणा सुचवल्या. आत घ्यायला ती अजून तयार नाही, म्हणून माझी खाट व्हरांड्यात, फाटकाशेजारी आहे. कोणी आलं की मी तिथूनच ओरडून तिला सांगतो. ती खूश आहे. काल बाजारातून माझ्यासाठी तो औषधी पट्टा आणायलाही गेली होती. पण हात हलवत परत आली. माझ्या मापाचा मिळत नाही म्हणे!